पिशवीतला नारळ

आधीच सांगते, रविराजचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाई. परवा त्याच्या आईनं हळदी-कुंकवाचं बोलावणं धाडलं, तर निरोप घेऊन आलेल्या बाईलाच मी म्हणलं, जा, सांग तिला, तुझ्या उंबऱ्यावर ह्या दीपमालाचं पाऊल पडायचं न्हाई. तिला लय लागलं म्हणं. लागू दे की! आमच्या घरात काय कमी लागलंय?

आकाराम माझा धाकटा दीर. तोंडापुढं मी त्यांला 'भावजी' म्हणते, आवं-जावं करते, पण माझ्या हातचं न्हाऊन मोठा झालेला, तवा पाठीमागं बोलताना तो मला आकारामच. मी लगीन होऊन कृष्णाकाठच्या ह्या गावात आले तवा ह्यो अर्ध्या चड्डीत म्हशीमागं पळत हुता. पुढं सासरे गेले, माझा नवरा नाथाजी फौजेत भरती झाला, आणि रान, म्हशी, म्हातारी आई, सगळंच आकारामच्या गळ्यात पडलं. बाबा, तुला काय करायचंय, असं कुणी इचारलंच न्हाई. नाथाजी सुट्टीला यायचा, ट्रंकंतनं साबण नि कंबळ काढून द्यायचा, गावभर रुबाब मारायचा आणि परत जायचा. आता रिटायर होऊन पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर उभा असतोय, तरी रुबाब हायच. आकाराम आपला उसाला पाणी पाजत ऱ्हायला.

स्वभावानं इतका गरीब, की म्हशीनं वाट आडवली तर काठी उगारायच्या आधी "सर की बाई जरा" म्हणून इनवणार. कुणी काय म्हणलं की "बघू की" म्हणायचा आणि हासायचा. असल्या माणसाला लोक चांगला म्हणत्यात आणि त्याच्या डोक्यावर बसत्यात.

लोकांला वाटतं, उसाचं रान हाय म्हंजे ह्यांच्याकडं पोरींची रांग लागत असंल. कसली रांग! पोरगा शेती करतो म्हणलं की पोरीचा बाप चहाचा कप खाली ठेवायचा. एकानं इचारलं, "शेतीबरोबर आणखी काय?" आकाराम म्हणाला, "म्हशी हायत की." भोळेपणानं म्हणाला, चेष्टेनं न्हाई. ते पावणे गाडीत बसंपर्यंत हासत हुते. असं करता करता ह्यो चाळिशीला टेकला आणि मिशीला काळं लावाय लागला. माझी सासू बनुबाई, तिनं तर गावातल्या एकूणएक देवाला नवस बोलून ठेवलेत. कुठल्या देवाला काय बोलली हाय ते आता तिलाच आठवत न्हाई.

आता रविराज. मी नाव काढू नका म्हणलं, पण मला काढाय लागतंय. त्याचं गावात मोबाईलचं दुकान हाय. आकाराम आणि तो एका वर्गातले. लगीन झालेला, दोन लेकरांचा बाप, तरी संध्याकाळी पारावर टोळकं जमवून बसायचं आणि कुणाची तरी उडवायची, ह्यो धंदा. गेल्या साली त्यानं नवं सिमकार्ड घेतलं आणि पोरीच्या नावानं आकारामला मेसेज धाडाय लागला. नाव काय, तर प्रांजल. सांगलीची प्रांजल. "जेवला का?" इचारायची. आमचा आकाराम गोठ्यात धार काढता काढता शीळ घालाय लागला. मला वाटलं, कायतरी चांगलं चाललंय, उगं टोकू नये.

मग एक दिवस त्या प्रांजलनं सांगलीला गणपतीच्या देवळापाशी बोलावलं. ह्यो नवा शर्ट घालून, पेढ्याचा बॉक्स घेऊन गेला. दिवसभर उन्हात उभा ऱ्हायला. कुणी पोरगी दिसली की पुढं व्हायचा, ती निघून गेली की परत मागं सरायचा. समोर गाडीत काचा वर करून रविराज आणि त्याची टोळी शूटिंग काढत बसली हुती. संध्याकाळी गावातल्या सगळ्यांच्या स्टेटसला आकाराम. पेढ्याचा बॉक्स एका हातातनं दुसऱ्या हातात घेतोय, आणि खाली गाणं लावलेलं. तवापासनं त्याचं नावच पडलं, 'प्रांजलचे मालक'. डेअरीत दूध घालाय गेला तरी पोरं इचारायची, "मालकीणबाई बऱ्या हायत का?"

मी रविराजच्या दुकानात जाऊन त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यो म्हणाला, "वैनी, गंमत केली गड्याची. त्योच हासतोय, तुमी का तापताय?" खरंच आकाराम हासत हुता. पण त्या दिवसापासनं त्याचं एक झालं. कुणी स्थळाचं नाव काढलं की तो खालच्या मानेनं इचारायचा, "खरं हाय का?"

अशात माझ्या माहेराकडनं, शिराळ्याहून फोन आला. आमच्या गल्लीतल्या गुंडातात्याची पोरगी, अपेक्षा. मी सासरी आले तवा ती पाळण्यात हुती, पुढं माझं माहेराला जाणंच सुटलं, तवा परत तिला बघितलेली न्हाई. शिकली, आता कराडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. तिशी वलांडली तरी लगीन न्हाई. का न्हाई, ते तिनं स्वतः फोनवर सांगितलं. "आक्का, मला कोड हाय. मानेवर, हातावर, आणि ओठाच्या कडंला."

मी गप झाले. ती म्हणाली, "बघा, तुम्हीपण गप झालात. आता ऐका. आमच्या घरी पावणे येतात, पोहे खातात, माझे हात बघतात आणि डिश अर्धी ठेवून उठतात. मी आता पोहे करणार न्हाई. फोटो देणार न्हाई. घरचं कुणी आणणार न्हाई. आणि त्यांना आधी सांगायचं न्हाई. मीच समोर बसून सांगीन. ऐकल्यावर माणूस खुर्चीवर थांबतो का उठतो, एवढंच बघायचंय मला."

भेटायची जागाबी तिनंच सांगितली. कराडजवळच्या मलकापूरला हायवेच्या कडंला 'टिकी टापू' म्हणून हॉटेल हाय, तिथं. मी म्हणलं, "आगं, तिथं दारू मिळती! तसल्या जागी पोरगी बघाय जात्यात व्हय?" तर म्हणाली, "मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले हुते आक्का. तिथल्या वाढप्यांच्या तोंडावर पांढरे ठिपके काढलेले असतात, पट्टे ओढलेले असतात. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं कुणी वळून बघितलं न्हाई. सगळ्यांना वाटलं, मीपण तिथलीच." आणि हासली. मला काय हासू आलं न्हाई. मी तिला शब्द दिला, की तू सांगशील तवाच त्याला कळंल.

आकारामला मी एवढंच म्हणलं, "पोरगी माझ्या माहेरची हाय. एक गोष्ट ती स्वतः सांगणार हाय, ती नीट ऐकून घ्या." त्यानं इचारलं, "फोटो?" म्हणलं, न्हाई. "तिच्या घरचं कोण येणार?" म्हणलं, कुणी न्हाई. "भेटायचं कुठं?" हॉटेलचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, खरं हाय का?"

"आईच्यान खरं."

मग उठला आणि मोटरसायकल धुवाय लागला.

आमच्याकडं रीत अशी, की पोरगी पसंत पडली की तिथल्या तिथं कुंकू लावून तिची ओटी भरायची. घरी जाऊन सांगतो म्हणलं की मधी फाटे फुटत्यात. तवा सासूनं पिशवी बांधून दिली. नारळ, खण, गहू, हळकुंड, सगळं. दिलं ते दिलं, आणि दळणाच्या गिरणीत जाऊन सगळ्या बायकांला सांगून आली, "माझ्या आकारामचं जमतंय, थोरल्या सुनंला फोन आलाय, शनिवारी मलकापूरच्या मोठ्या हॉटेलात बोलावलंय, नारळबी बांधलाय." म्हातारीचं तोंड कुणी धरायचं? गिरणीला लागूनच रविराजचं दुकान.

शनिवारी दिवेलागणीला आमी दोघं पोचलो. काय ते हॉटेल! मालकाचं पोरगं म्हणं मोठ्या बोटीवर कामाला हुतं. तिकडं कुठल्या तरी लांबच्या समुद्रातल्या बेटावरचा थाट बघून आलं आणि बापाच्या रानात तसलंच उभं केलं. दारात दोन लाकडी देव, माणसापेक्षा उंच, डोळे वटारलेले, दात विचकलेले. माझे हात आपसूक जुळले. कुणाचा का असंना, देव तो देव. भिंती बांबूच्या, आत लाल दिवे, वर गवतासारखं छप्पर. आकारामनं वर बघितलं आणि माझ्या कानाला लागला, "वैनी, आवं पाचट हाय की उसाचं! आपण रानात पेटवून देतो, आणि ही माणसं त्याच्याखाली बसून जेवत्यात."

एका पोरीनं त्याच्या गळ्यात कागदी फुलांची माळ घातली. तो घाबरून मागं सरला. मला घालाय आली तशी मी म्हणलं, "माझं लगीन झालंय बाई." तोवर एक वाढपी पुढं आला. कमरंला गवताचा झगा, तोंडावर पांढरे ठिपके, आणि माझ्या पिशवीकडं बोट.

"काकू, बाहेरचं खायाचं आत चालत न्हाई."

"आरं मुडद्या, ह्यो ओटीचा नारळ हाय! खायाचा न्हाई."

"नारळ आत मिळतो की काकू."

"तुझ्या आतल्या नारळानं ओटी भरत्यात व्हय रं?"

रांगंतली माणसं फिदीफिदी हासाय लागली. तो वाढपी आटपाडीकडचा निघाला, धनगराचं पोरगं. ओटी म्हणल्यावर त्याला उमगलं. "पोरगी बघाय आलाय व्हय? मग जावा की," म्हणाला आणि आमाला टेबलापतुर सोडून आला.

अपेक्षा आधीच येऊन बसली हुती. लांब बाह्यांचा ड्रेस, गळ्याभवती ओढणी गुंडाळलेली. तिच्याबी गळ्यात माळ. दोघांच्या गळ्यात माळा बघून आकाराम कानाच्या पाळीपतुर लाल झाला. ती म्हणाली, "बसा हो, हितं सगळ्यांनाच घालतात." तोंडाला पावडर न्हाई, काय न्हाई. पण त्या लाल उजेडात ओठाकडंचा डाग दिसायचा तो दिव्याचा डाग वाटायचा. 

प्यायला काय आलं, तर त्याच लाकडी देवाच्या तोंडाचा पेला, डोक्यात नळी खुपसलेली, वर कागदाची इवलीशी छत्री. आकारामनं छत्री काढून पुसली आणि खिशात ठेवली. "आयच्या देव्हाऱ्यातल्या जोतिबाला हुईल," म्हणाला. अपेक्षा हासली, आणि मग तिनंच इचारलं, "शेतीबरोबर आणखी काय करता?"

परत त्योच सवाल! आकारामचं तोंड उतरलं. खाली बघून म्हणाला, "म्हशी हायत."

ती म्हणाली, "म्हशीचं रक्त काढायचं झालं तर शीर कुठली घेतात हो?"

"मानंची," तो चटकन म्हणाला. "दाबून धरली की फुगती."

"माणसाची कोपरात. काहींची सापडतच न्हाई, मग टपल्या माराव्या लागतात."

"म्हशीला टपली मारली तर ती लाथ मारती."

"माणसंपण मारतात," ती म्हणाली, आणि दोघं खळखळून हासली. मग काय बोलत सुटला आकाराम! मी त्याला इतकं बोलताना उभ्या जन्मात ऐकलं न्हाई. कुठली म्हैस कुणाची लेक, कुठली रुसती, सगळं सांगितलं. ती ऐकत हुती, मधनं मधनं इचारत हुती. म्हणाली, "मी नोकरी सोडणार न्हाई बरं का." तो म्हणाला, "कशापायी सोडायची? मी सोडत जाईन की मोटरसायकलवर, तसाबी रोज कराडला दूध घेऊन येतोच." मला रडू यायचं बाकी ऱ्हायलं. म्हणलं, देवा जोतिबा, आता एवढं पार पाड.

ती उठली. "मी हात धुऊन येते. आल्यावर एक गोष्ट सांगायचीय." तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हालवली.

ती वळली तसा आकाराम म्हणाला, "वैनी, नारळ काढा."

"आवं, आधी ती काय सांगतीया ते तर ऐका."

"ऐकतो की. पण नारळ काढून ठेवा."

मी पिशवीतनं नारळ काढला, खणावर ठेवला, कुंकवाची पुडी सोडली. लांबनं त्या आटपाडीच्या वाढप्यानं बघितलं आणि दोन्ही हात वर करून खूण केली. मी बी हासून मान हालवली.

आणि टेबलावर आकारामचा फोन वाजला. मेसेज. त्यानं वाचला. एवढा वेळ उजळलेलं तोंड बघता बघता राखंसारखं झालं. मी इचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काय न्हाई." फोन पालथा घातला.

त्यात काय लिवलं हुतं ते मी नंतर वाचलं. तुमाला आत्ताच सांगते. "आक्या, पोरगी बरी हाय ना? आमचीच हाय ती. वैनीलाबी फशीवलंय, फोनवर तीच बोलत हुती. नारळ काढला का? कोपऱ्यातनं शूटिंग चालू हाय. हास जरा, प्रांजलचे मालक." खाली हासून हासून डोळ्यात पाणी आलेली तोंडं. आणि रविराज त्या येळंला कुठं हुता? गावात, आपल्या घरात, जेवत! कोपऱ्यात कुणी न्हाई, शूटिंग न्हाई, काय न्हाई. पोरगी कोण, कुठली, त्याला ठाऊकसुदिक न्हाई. ह्या खेपंला सिमकार्डबी लागलं न्हाई मुडद्याला. दोन ओळी लिवल्या आणि भाकरीचा पुढचा घास मोडला.

तुमी म्हणाल, वैनी शेजारी बसलेली असताना त्याला खरं वाटलंच कसं? का न्हाई वाटणार? फोटो न्हाई, घरचं माणूस न्हाई, असली चमत्कारिक जागा, आणि त्याच्याशी एवढं गोड बोलणारी बाई. त्याला सगळ्यात खोटी तीच गोष्ट वाटली असणार.

अपेक्षा आली. बसली. गळ्याची ओढणी सोडली, दोन्ही बाह्या कोपरापतुर वर सारल्या आणि हात टेबलावर ठेवले. "हे सांगायचं हुतं," ती म्हणाली. "मला कोड हाय. लहानपणापासनं. औषधं झाली, जात न्हाई. लागत न्हाई कुणाला. बघा नीट, आणि मग काय ते बोला."

आकारामनं बघितलं. तिच्या हाताकडं, मग पलीकडं उभ्या असलेल्या ठिपक्यावाल्या वाढप्याकडं, मग परत तिच्याकडं. आणि हासला. आमचा आकाराम असलं कडू हासू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

"झ्याक रंगवलंय," तो म्हणाला. "किती दिलं रविराजनं?"

"काय?"

"मला लय येडा समजू नगा. एकदा उन्हात उभा केला, तेवढं बास झालं." त्यानं टेबलावरचा काळा नॅपकिन उचलला, पेल्यात बुडवला, तिचा हात मनगटात धरला आणि मनगटावरचा डाग घासाय लागला.

मी वरडले, "भावजी! आवं काय करताय! सोडा!" त्याचा दंड धरला. उसाच्या मोळ्या फेकणारा दंड तो, माझ्यानं काय हालतोय? तिनं हात वढून घेतला न्हाई. वरडली न्हाई. नुसती त्याच्या तोंडाकडं बघत बसली. तो घासत हुता आणि मोठ्यानं बोलत हुता, "काढा शूटिंग! काढा! आज मीबी दावतो!" शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी खरंच फोन वर केले. हातावरचं निघंना तसा तो उठला आणि वाकून तिच्या ओठाकडचं पुसलं. एकदा, दोनदा, जोर लावून. तिची मान मागं गेली.

मग थांबला. नॅपकिन डोळ्यांपुढं धरला. उलटा केला, परत सुलटा केला. काळाच हुता, पांढरा ठिपकासुदिक न्हाई. तिची भवतालची कातडी घासून लालभडक झालेली, आणि मधला डाग हुता तिथंच.

ती म्हणाली, "न्हाई निघत. आईनं दगडानं घासलंय लहानपणी."

आणि त्याच येळंला मागनं ढोल वाजले. त्या आटपाडीच्या पोरानं, देव भलं करो त्याचं, नारळ टेबलावर बघून मालकाला सांगितलं हुतं की जमलं. चार-पाच जणं गवताचे झगे हालवत, ढोल बडवत आमच्या टेबलाभवती आली. एकाच्या हातात परात, परातीत जाळ पेटवलेलं कायतरी. सगळं हॉटेल टाळ्या वाजवाय लागलं. कुणीतरी वरडलं, "अभिनंदन!" ढोल थांबंनात. त्या गोंधळात तिनं गळ्यातली माळ काढली, नारळाशेजारी ठेवली, बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि पर्स घेऊन निघाली. जाताना माझ्या पाया पडाय वाकली. माहेरची मोठी बाई ना मी! मी तिचे हात धरले, तर तिनं ते हळूच सोडवून घेतले.

मी तिच्यामागं हायवेपतुर पळत गेले. आकारामच्या फोनवरचा मेसेज तोवर मी वाचला हुता, तो तिला सांगितला, रविराजचं सांगितलं, सांगलीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "जावा आक्का, ते एकटेच बसलेत," म्हणाली आणि रिक्षात बसली.

आकाराम तसाच बसला हुता, ओला नॅपकिन हातात घेऊन. मी त्याला सांगितलं, पोरगी खरी हाय, गुंडातात्याचीच हाय. त्यानं मला परत इचारलं न्हाई, खरं हाय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी रविराज आमच्या अंगणात. "मला काय ठाऊक वैनी, खरंच पोरगी असंल म्हणून? मला वाटलं, बसला असंल वाट बघत दाढ्या-मिशा रंगवून. गंमत केली." मी शेणाची पाटी उचलली तसा पळाला. पण पळताना हासत हुता, बघा. त्या शेजारच्या पोरांनी काढलेला व्हिडिओबी गावात पोचला. त्यात माझं वरडणं ऐकू येत न्हाई, ढोलच ऐकू येत्यात. लोकांला वाटतं, आकाराम नाचणाऱ्या बाईचं तोंड पुसतोय.

आकाराम कराडला गेला. दवाखान्याच्या दारात नवा शर्ट घालून उभा ऱ्हायला, दूध नासलं तरी उभा. ती कुठल्या दारानं निघून गेली, कळलं न्हाई. घरी आल्यावर जेवला न्हाई. मला वाटलं, आता ह्यो जिवाचं काय बरंवाईट करतोय का काय. तसलं काय झालं न्हाई. आठवड्याभरानं मी बाजारातनं येताना बघितलं, तो पारावर बसला हुता. रविराजच्या शेजारी. रविराज म्हणत हुता, "काय आक्या, परत कवा जायचं मलकापूरला?" आणि आमचा आकाराम म्हणाला, "बघू की," आणि हासला.  घरी येऊन मी त्याला फाडफाड बोलले. तो म्हणाला, "वैनी, दुसऱ्या कुणापाशी बसू?"

सासूला आमी काय बी सांगितलेलं न्हाई. ती कागदी छत्री तिनं देव्हाऱ्यात जोतिबाच्या टाकावर लावलीया. आल्यागेल्याला दावती आणि म्हणती, "सुनंनं पाठवलीया."

मागल्या पंधरवड्यात अपेक्षाचा फोन आला. मी हुंदकाच दिला. ती म्हणाली, "रडू नका आक्का. मला एकच सांगा. मी हात धुवायला गेले हुते, तो मेसेज यायच्या आधी, ते काही म्हणाले का हो?"

नारळ अजून माझ्या पुढ्यात, फळीवर. कुणी फोडत न्हाई, कुणी हालवत न्हाई. आकाराम परसात शेणाची पाटी भरत हुता, मला दारातनं दिसत हुता. 'नारळ काढा' म्हणाला हुता, हे खरं सांगितलं असतं तर ती हळहळ त्या पोरीला जन्मभर पुरली असती.

मी म्हणलं, "न्हाई पोरी. काय न्हाई म्हणाला. गपच बसला हुता."

 ती म्हणाली, "बरं झालं," आणि फोन ठेवला.